खडशीचे बाळंतपण

ओल्या गोणपाटाला उन्हात एक वास येतो. थोडा तागाचा, थोडा शेवाळाचा, थोडा तहानेचा. अजिंठ्याच्या डोंगरातून खाली उतरणाऱ्या त्या जीपमध्ये तो वास माझ्या ओढणीत, केसांत, नखांच्या कडांत इतका भिनला की आजही धान्याच्या दुकानाबाहेर भिजलेले पोते दिसले तर माझा हात नकळत खालच्या पाण्याची ऊब पाहायला पुढे होतो. महिना श्रावणाचा होता, पण फक्त पंचांगापुरता. आकाश घासून ठेवलेल्या परातीसारखे कोरडे आणि लखलखीत. तेरड्याने फुलण्याआधीच मान टाकलेली, कपाशीची पाने तळहात मिटावेत तशी मिटलेली, आणि ज्या दिवसांत या उतारांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा ओघळत खाली यायच्या त्या दिवसांत वळणावळणावर आम्हाला भेटत होते ते टँकर, आपली ओली शेपटी रस्त्यावर ओढत जाणारे.

जीपच्या मागच्या भागात निळ्या प्लास्टिकची टाकी होती. टाकीवर ते गोणपाट, आणि खाली, अंधारात, एक मासळी. पुस्तकांत तिला महाशीर म्हणतात. सोयगावकडच्या खेड्यांत ती खडशी. तिचे खवले मोठे, जुन्या तांब्याच्या भांड्याला ऊन लागावे तशा रंगाचे, आणि तिचा स्वभाव असा की अंडी घालायची वेळ आली की ती वाहत्या पाण्याच्या उलट दिशेने चढत जाते, दगडगोट्यांतले स्वच्छ, खळाळते, थंड पाणी शोधत. ओढा वाहिला नाही तर ती चढत नाही. चढली नाही तर अंडी पोटातल्या पोटात विरून जातात. त्या वर्षी ओढा वाहिलाच नव्हता.

मला गोड लिहिता येत नाही. मी पत्रके लिहून लिहायला शिकले. शहरात, गारखेड्यातल्या आमच्या खोलीत चार जण बसून कागदाच्या एका बाजूवर किती संताप मावतो ते आम्ही शिकलो. नद्यांतली वाळू कोणी उपसली, डोहात ब्लीचिंग पावडर टाकून मासे कोण मारतो, फोटोसाठी तलावात परदेशी चिलापी मासे ओतून त्याला मत्स्यसंवर्धन कोण म्हणतो, हे सगळे आम्ही ठळक अक्षरांत छापले, आठवडी बाजारांत वाटले आणि त्याच कागदांत भजी बांधली जाताना पाहिली. जी मासळी हजारो वर्षे या खडकांच्या कुशीत पिढ्यान्‌पिढ्या वाढली तिचे आज गावागावांत नावसुद्धा न उरावे, याचा राग मला येतो, आणि हा राग कमी व्हावा अशी माझी अजिबात इच्छा नाही.

तरी एका डोहात ती उरली होती. कायद्यामुळे नव्हे, रिवाजामुळे. डोहाच्या काठी शेंदूर फासलेला एक दगड आहे. त्या देवाचे हे मासे, म्हणून गाव त्यांना धरत नाही, उलट रोज सकाळी ज्वारीच्या पिठाच्या गोळ्या घालते. तो मान गयाबाईच्या घराकडे. साठीची, काटक, मोजके बोलणारी बाई. तिने पाण्यावर बोटे आपटली की तांबूस पाठी वर यायच्या. त्या श्रावणात डोह आटत आटत गुरांच्या हौदाएवढा राहिला. पाठी आता न बोलावताही दिसत होत्या, आणि काठावर बगळे पंगतीला बसल्यासारखे बसले होते. एक मोठी मादी अंड्यांनी भरलेली होती. एकच.

तिला उचलून शहराजवळ, हर्सूलच्या पुढे शेखसरांच्या टाक्यांत न्यायचे, तिची अंडी काढून पिल्ले वाढवायची आणि पुढे तीच पिल्ले याच ओढ्यात सोडायची, असा बेत होता. सर मत्स्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले. घर बांधण्यासाठी घेतलेल्या जागेत त्यांनी घर न बांधता टाक्या बांधल्या. उन्हाळ्यात त्यांनी याच डोहातून दोन नर नेले तेव्हा गावाने हरकत घेतली नव्हती. "गडी मानूस कुठं बी जगतं, न्या," असे म्हणून सगळे हसले होते. मादीचे नाव काढताच मात्र देवळाच्या ओट्यावर नकारार्थी माना हलल्या. मी बोलले, पत्रकासारखी बोलले. प्रजाती, अधिवास, शेवटची संधी. एक म्हातारे आजोबा बराच वेळ तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "लेक बाळंतपणाला माहेरी येती पोरी. हिचं तर माहेरच हे. मंग हिला धाडायची कुठं?"

उत्तर गयाबाईने दिले. "मी जाते संगं. माहेरचं मानूस उशापाशी असलं म्हंजे झालं."

गावाने अट घातली: बाळंतीण जिवंत परत आली पाहिजे, याच डोहात. मी लगेच हो म्हणाले. जिवंत परत आणू. शब्द द्यायला मला कधी जड जात नाही.

निघताना बायकांनी तिची ओटी भरली. मी हसले नाही, खरे तर मला ते फार आवडले. टाकीच्या काठाशी ओळीने उभ्या राहून एकेकीने तांदळाचे चार दाणे सोडले, हळद सोडली, कुंकू सोडले. एकीने नवे खणाचे कापड गोणपाटावर टाकले. आजोबांनी पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला. मी फोनमध्ये हे सारे टिपत होते. पत्रकावर किती सुंदर दिसेल, असे मनात येत होते.

घाट उतरून सपाटीला लागलो तेव्हा गोणपाट वर करून पाहिले. हवेचा पंप चालू होता, बुडबुडे येत होते, पण पाणी गुलाबी झाले होते. उथळ, खोटे, जत्रेतल्या सरबतासारखे गुलाबी. त्या पाण्यात तिचे कल्ले उघडझाप करत होते ते इतक्या घाईने की पाहताना आपलाच श्वास आखडावा. आणि ती सरळ नव्हती, किंचित कललेली होती, जड ओझे एका खांद्यावर आलेल्या माणसासारखी.

सरांनी जीप बाजूला घेतली. ओंजळीत पाणी घेऊन हुंगले, दोन बोटांत चोळले. बोटे लाल झाली.

"कुंकू डाला क्या इसमें?"

"ओटीचं," गयाबाई म्हणाली. "पयली चिमूट माझीच."

"हे कुंकू नाही बाई. रंग आहे, बाजारातला. कल्ल्यावर बसतो." सरांनी मला रागे भरले असते तर बरे वाटले असते. ते फक्त म्हणाले, "पाणी बदलायला लागतं. शहर दूर है. इथंच कुठंतरी."

समोरून टँकर येत होता. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात आडवे केले. सरांनी मला मागे ओढले. "नक्को बेटा. त्यात क्लोरिनचं औषध असतं. जे राहिलंय तेही जाईल." टँकर भोंगा वाजवत निघून गेला, आणि त्याच्या मागून सांडत गेलेले पाणी डांबरावर क्षणभर चमकून आटले. त्या क्षणी मला या जिल्ह्यात पाण्याची किती नावे आहेत आणि पाणी किती थोडे आहे हे घशाला कळले.

पुढच्या वळणावर मोसंबीची बाग होती. करपलेल्या रानात तेवढाच हिरवा चौकोन, आणि त्यामागे मातीच्या उंच बांधाआड शेततळे. ते मला ठाऊक होते. रस्त्यावरून मी त्याचा फोटो काढला होता. त्या डोहाच्या ओढ्यात मोटर टाकून पाणी वर उचलणाऱ्या बागांबद्दल आमचे एक पत्रक होते, त्यावर हाच हिरवा चौकोन छापला होता.

मालक पत्र्याच्या सावलीत बाजेवर बसला होता. कडूबा त्याचे नाव. त्याने मला ओळखले.

"या ताई. अजून एक फोटू काढायचाय का?"

"पाणी पाहिजे."

"चोराकडं?" तो उठला नाही. "ओढा पिऊन ढेकर देनारे, असं लिव्हलं व्हतं तुम्ही. आमच्या पोरींनी पाठ केलंय. जेवताना म्हनत्यात मला."

"खोटं लिहिलं होतं का?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "खोटं नव्हतं," म्हणाला. "पर ढेकर अजून आलेली नाय."

गयाबाई मागून चालत आली. "भांडन मागून करा लेकरांनो. ती पोटुशी हाय."

कडूबाने माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले. "ताई का?"

"मासळी," मी ओरडले. मग तो उठला, जीपपाशी आला, गोणपाटाखाली वाकला आणि परत बांधाकडे चालू लागला.

लाईट नव्हती. मोटर चालणार नव्हती. विहिरीत गाळ उरला होता. तळ्यात पाणी होते, पण फार खाली, आणि वरचा थर उन्हाने तापलेला. सरांना हवे होते ते तळाकडचे, थंड. शेततळ्याच्या काळ्या प्लास्टिकवर बारीक शेवाळ धरलेले असते. आत घसरलेले जनावर पुन्हा वर येत नाही, माणूसही येत नाही. आमच्या भागात अशा बातम्या आता कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. कडूबाने कासऱ्याचा दोर कमरेला बांधला, दुसरे टोक बांधावरच्या बाभळीला एक वेढा देऊन आमच्या हाती दिले. मी पुढे, गयाबाई मागे. कॅनच्या कडीला त्याने दगड बांधला, म्हणजे तो खोल जाईल. आणि त्या काळ्या, लकाकणाऱ्या उतारावरून तो बसत बसत खाली गेला.

पहिला कॅन वर आला. सरांनी टाकीतले गुलाबी पाणी काढले, नवे पाणी उंचावरून, पसरलेल्या बोटांच्या फटींतून सोडले, म्हणजे पडता पडता ते हवा पिईल. हळूहळू. एकदम बदलले तर तेही तिला सोसणार नाही. काढायचे थोडे, घालायचे थोडे. पुन्हा कॅन. पुन्हा दोर सैल, पुन्हा ताण. उन्हात प्लास्टिकला उग्र वास सुटला होता, मोसंबीच्या कोवळ्या फळांचा कडवट गंध त्यात मिसळत होता, आणि माझ्या सगळ्या इंद्रियांची जाणीव एकवटून त्या काथ्याच्या दोरात उतरली होती. मग दोराला हिसका बसला. कडूबाचा पाय सुटला होता. तो छातीपर्यंत पाण्यात गेला आणि दोर माझ्या तळहातांतून सरकत, जाळत गेला. गयाबाईने टाच बांधाच्या मातीत रोवली आणि माझ्या पाठीला खांदा लावून अशी काही ओढ दिली की आम्ही दोघी बसलोच. दोर थांबला. काही क्षणांनी एक हात वर आला, त्यात भरलेला कॅन होता.

"घ्या," कडूबा म्हणाला.

टाकीतले पाणी स्वच्छ व्हायला लागले तशी ती आधी आणखी कलली. सर पुटपुटत होते, ती दुआ होती की शिवी ते मी विचारले नाही. नंतर केव्हातरी कल्ल्यांची घाई उतरली, पर पसरले, आणि झोपेतून उठलेले माणूस पदर सावरते तशी ती स्वतःला सावरून सरळ झाली.

ओल्या कपड्यांनी कडूबा टाकीशी उभा होता. "वरच्या डोहातली का ही?"

"व्हय," गयाबाई म्हणाली.

"मंग पानी तिचंच हाय."

एवढेच बोलून तो बाजेकडे गेला. मी मवाळ झाले असे कोणाला वाटू नये. लाईट आल्यावर त्याची मोटर पुन्हा चालू झाली असणार, आणि ते पत्रक मी आजही शब्द न बदलता छापीन. पण डोहाच्या ओढ्यातून उपसलेले पाणी श्वासात घेत डोहाची मासळी शहराकडे निघाली होती, आणि ज्या हातांनी मी ते पत्रक वाटले त्याच हातांना दोराने सोलून काढले होते. हे दोन्ही एकाच वेळी खरे असणे मला कोणी शिकवले नव्हते.

सरांच्या टाक्यांवर हिरवी जाळी आहे. सकाळचे ऊन तिच्यातून गाळून खाली येते, आणि सगळीकडे नळीतून पडणाऱ्या धारेचा बारीक, न थांबणारा आवाज असतो. तिथे पोहोचल्यावर माणूस आपोआप हळू बोलू लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी खडशीच्या पोटावरून अंगठा फिरवला. पोट मऊ होते. अंडी तयार होती.

"आज काढली तर आज," सर म्हणाले. "उद्या खराब होतील. पण कालचा प्रवास... पाण्याबाहेर धरायचं, पोट दाबायचं. सहन होईल का, सांगता येत नाही. मरू शकते."

"काढायची," मी म्हणाले. मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. एका मादीच्या पोटात एका ओढ्याचे भविष्य असते. हिला वाचवून अंडी गमावली तर पुढच्या वर्षी डोह असेल की नाही, ही असेल की नाही, काय ठाऊक. मी हे सगळे बोलले, पुन्हा ओट्यावर बोलले होते तसेच, फक्त अधिक वेगाने.

सरांनी गयाबाईकडे पाहिले. ती पायरीवर बसली होती.

"माझ्या सुनंच्या टायमाला घाटीच्या दवाखान्यात डॉक्टरनीनं इचारलं व्हतं," ती म्हणाली. "आई का बाळ. तवा सासरचं मानूस काय म्हनतं ते मी ऐकलंय. आन्‌ माहेरचं काय म्हनतं ते बी." ती उठली. "मी माहेरची हाय. आपनहून देईल तेवढं घ्या. पिळायचं नाय."

मी काही बोलणार होते. सर म्हणाले, "हौ. ठीक आहे."

ओल्या फडक्याने खडशीचे डोळे झाकले. गयाबाईने डोके धरले, मी शेपूट धरले. सरांचा अंगठा पोटावरून हलकेच मागे सरकला. काहीच नाही. पुन्हा सरकला. आणि मग कोरड्या वाडग्यात सोनेरी मण्यांची एक धार पडली, आवाज न करता, उन्हाचे थेंब एकापाठोपाठ एक घरंगळावेत तशी. आयुष्यभर ज्या गोष्टीबद्दल मी ओरडत आले ती अशी समोर, इतकी लहान, इतकी उघडी दिसावी! माझ्या मुठीत तिची शेपटी ताठरली. पोट अजून भरलेले होते, मला दिसत होते.

"अजून आहेत, सर. अजून आहेत."

"बास," गयाबाई म्हणाली.

सरांचा अंगठा तिथेच होता. इतक्या वर्षांची त्यांची वाट त्या अंगठ्याखाली होती. त्यांनी तो उचलला.

पाण्यात सोडल्यावर ती पोहली नाही. तळाशी गेली आणि कुशीवर पडली. गयाबाई टाकीत उतरली. मांड्यांपर्यंतच्या पाण्यात, लुगडे भिजवत, तिने खडशीला दोन्ही तळहातांवर सरळ धरले, नळीच्या धारेकडे तोंड करून, म्हणजे वाहते पाणी कल्ल्यांतून जाईल. सर नराचे बीज घालून कोंबडीच्या पिसाने वाडग्यातली अंडी कालवू लागले. मला काम नव्हते. मी उभी राहिले आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आले की मी आजवर जे जे लिहिले ते सगळे अनेकवचनात लिहिले: मासे, नद्या, प्रजाती, पिढ्या. या टाकीत मात्र एक बाई एका मासळीला धरून उभी होती, आणि यासाठी माझ्याकडे एकही वाक्य तयार नव्हते.

किती वेळ गेला कोण जाणे. जाळीचे कवडसे एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे सरकले. मग गयाबाईने हात तसेच ठेवले आणि तिच्या हातांतून खडशी आपली आपण निघून गेली.

दुपारी आम्ही दोघी अंड्यांच्या थाळीवर वाकून बसलो. त्यातली पांढरी पडलेली मेलेली असतात. ती चिमट्याने वेचून टाकावी लागतात, नाहीतर बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांवर चढते. पांढरी बरीच होती. सोनेरीही होती, मला हवी होती त्याहून कमी, मला भीती होती त्याहून जास्त. वेचता वेचता गयाबाईने गावाला फोन लावला आणि तो थाळीशेजारी ठेवला. आजोबांचा आवाज आला.

"बाळंतीन बरी हाय," ती म्हणाली. "हिंडती फिरती. कवा आनू?"

पलीकडून कोंबड्याचे आरवणे, भांड्यांची आदळआपट.

"आबा, कवा आनू?"

"थांब जरा," आजोबा म्हणाले.

"लेक येते म्हनती आन्‌ माहेर नगं म्हनतं व्हय?"

"नगं नाय म्हनत," आजोबा म्हणाले. "थांब म्हनतो."

गयाबाईने फोन बंद करून कनवटीला खोचला. विचारण्यासारखे काही उरले नव्हते. डोह आटून गेला होता. ती पुन्हा थाळीवर वाकली. मी गावाला शब्द दिला होता, जिवंत परत आणू. जिवंत ठेवणे आमच्या हाती होते, निदान थोडेसे. परत नेणे कोणाच्या हाती होते ते मला त्या थाळीसमोर बसून सांगता येईना: सरांच्या नाही, गयाबाईच्या नाही, एकट्या कडूबाच्याही नाही. उत्तर एखाद्या नावावर येऊन थांबले असते तर मी संध्याकाळपर्यंत पत्रक लिहून काढले असते.

मान दुखायला लागली म्हणून उठले आणि टाकीपाशी गेले. खडशी नळीखाली उभी होती. धार तिच्या तोंडावर पडत होती, आणि ती धारेच्या उलट अंग झोकून, शेपूट सावकाश हलवत, त्याच जागी पोहत होती. त्या नळीच्या वर कुठेतरी ओढा आहे अशा पक्क्या समजुतीने.